प्राणीचाचणी बंदीला रसायन कायद्याची पळवाट नको

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्याचा प्रश्न आपल्या देशात निकाली निघाला आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायद्याच्या शब्दांपुरती ती खरीही आहे. मे २०१४ मध्ये केंद्र सरकारने अशा चाचण्यांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून प्राण्यांवर चाचणी झालेल्या प्रसाधनांची आयातही थांबवली. विशेष म्हणजे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील ‘सौंदर्यप्रसाधन’ या संज्ञेच्या व्याख्येत, तयार वस्तूबरोबरच तिचा घटक म्हणून वापरायच्या पदार्थाचाही समावेश आहे, त्यामुळे आपल्या बंदीचा आवाका चांगलाच मोठा आहे. तरीही युरोपात गेल्या काही वर्षांत जे घडले, ते पाहता इथे निर्धास्त राहणे योग्य नाही.

युरोपीय संघाने ही बंदी टप्प्याटप्प्याने आणली. २००४ मध्ये तयार प्रसाधनांच्या आणि २००९ मध्ये घटकांच्या चाचण्या थांबल्या, तर ११ मार्च २०१३ पासून अशा चाचण्या झालेल्या मालाच्या विक्रीवरही पूर्ण बंदी आली. १९४० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेली, पांढऱ्या सशाच्या डोळ्यात रसायन घालून इजा मोजण्याची ड्रेझ चाचणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र त्याच युरोपात ‘रीच’ नावाचा रसायनांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली उत्पादकाला रसायनाच्या सुरक्षिततेची माहिती द्यावी लागते. सिमराइझ या जर्मन कंपनीची होमोसॅलेट आणि २-इथाइलहेक्झिल सॅलिसिलेट ही दोन रसायने केवळ सनस्क्रीनसारख्या प्रसाधनांत वापरली जात असूनही, ती तयार करणाऱ्या कामगारांचा त्यांच्याशी संपर्क येतो या कारणास्तव युरोपीय रसायन संस्थेने त्यांच्या प्राण्यांवरील चाचण्यांची मागणी केली. कंपनीने या मागणीला आव्हान दिले. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने संस्थेची बाजू ग्राह्य धरली. म्हणजे एका कायद्याने जे निषिद्ध ठरवले, तेच दुसऱ्या कायद्याने बंधनकारक केले, आणि मधल्या मध्ये जीव गेला तो मुक्या प्राण्यांचा.

ब्रिटनचा अनुभवही याच जातीचा आहे. तेथे १९९८ पासून अशा चाचण्यांना परवाने दिले जात नव्हते. २०१९ मध्ये, कसलाही गाजावाजा न होता, रसायन कायद्याच्या आधारे हे धोरण सोडून देण्यात आले आणि उच्च न्यायालयातील खटल्यामुळे ही गोष्ट ठळकपणे लोकांसमोर आली. मे २०२३ मध्ये, चौफेर टीकेनंतर, केवळ प्रसाधनांसाठी असलेल्या घटकांच्या चाचण्यांना नवे परवाने न देण्याचे सरकारने जाहीर केले. याउलट, आयात प्रसाधनांवर प्राणीचाचणीची सक्ती करणाऱ्या चीननेही मे २०२१ पासून सर्वसाधारण प्रसाधनांना, आवश्यक प्रमाणपत्रे सादर केल्यास, सवलत दिली आहे, आणि कॅनडाने डिसेंबर २०२३ पासून बंदी लागू केली आहे.

आता आपल्याकडे वळू. युरोपच्या धर्तीवर रसायनांची नोंदणी बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्राच्या स्तरावर काही वर्षांपासून चर्चेत आहे. असे नियम हवेतच. तारापूर, महाड, लोटे-परशुराम येथील कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांच्या आरोग्याची काळजी घेणारा कायदा कोणाला नको असेल? पण कामगाराच्या सुरक्षिततेसाठी सशाचाच बळी द्यावा लागतो, हे मला मान्य नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या प्रतिकृतींवर दाहकता तपासण्याच्या पद्धतींना ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळालेली आहे. गर्भावरील किंवा दीर्घकालीन परिणामांसाठी असे सर्वमान्य पर्याय अजून पुरेसे नाहीत, हे खरे. तेथे उपलब्ध माहितीचा काटेकोर वापर, बंदिस्त उत्पादनप्रक्रिया आणि कामगारांच्या संपर्काचे प्रत्यक्ष मोजमाप यांवर भर द्यावा. केवळ प्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या घटकांसाठी कोणतीही नवी प्राणीचाचणी मागितली जाणार नाही, असे स्वतंत्र कलम नव्या नियमांत पहिल्या दिवसापासून असावे. ते मागाहून घालू म्हटले की काय होते, ते ब्रिटनने दाखवलेच आहे.

आणखी एक बाब तातडीने स्पष्ट होणे आवश्यक आहे. प्रसाधनाची आयात करणाऱ्याला, त्याची १२ नोव्हेंबर २०१४ नंतर प्राण्यांवर चाचणी झालेली नाही, असे घोषणापत्र द्यावे लागते. परदेशातील रसायन कायद्याच्या आदेशावरून एखाद्या घटकाची चाचणी झाली असेल, तर तो घटक असलेल्या सनस्क्रीनसाठी हे घोषणापत्र देता येईल की नाही? आपल्या कायद्यातील व्याख्या पाहता ते देता येऊ नये, असे माझे मत आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने यावर आपली भूमिका परिपत्रकाद्वारे जाहीर करावी, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून करीत आहे.

आपली नियमित वाचक,
ठाणे