एका बँक क्लार्कचा माग काढून देणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

एडमंड डी विंडवरचा आमचा लेख अखेर छापायला गेला. खासगीत आभार मानून समाधान होईना, म्हणून हे उघड पत्र.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म 1883 चा, आयर्लंडच्या उत्तरेकडच्या काउंटी डाउनमधल्या कोंबर गावचा. शिक्षण बेलफास्टच्या कॅम्पबेल कॉलेजात. मग बँक ऑफ आयर्लंडच्या कॅव्हन शाखेत क्लार्क. पुढे कॅनडाला जाऊन कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सची नोकरी, एडमंटनपर्यंत बदल्या. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर 1914 मध्ये कॅनडाच्या सैन्यात, 31 व्या बटालियनमध्ये साधा शिपाई म्हणून भरती. 21 मार्च 1918 ला फ्रान्समध्ये सेंट क्वेंटिनजवळ मारला गेला, वयाच्या 34 व्या वर्षी. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला.

इथवर कुणीही पोचतं. गाडी अडते ती पुढे, आणि तिथे आम्हाला काय काय उत्तरं मिळाली ते लिहायलाच हवं. एका ठिकाणाहून "या नावाची नोंद नाही" असं एका ओळीचं पत्र आलं. आडनाव दोन शब्दांचं आहे; सूचीत ते 'डी'खाली असेल, 'डब्ल्यू'खाली असेल किंवा दोन्ही शब्द जोडून लिहिलेलं असेल. हे सगळं धुंडाळल्याशिवाय "नाही" कसं म्हणवतं? दुसऱ्या ठिकाणी फी घेतली आणि कुठेही वाचायला मिळतं तेच व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र पाठवून दिलं. वर शेरा, की लढाईचं गाव नकाशात सापडत नाही. सापडणार कसं? मानपत्रात 'ग्रूझी' छापलंय, गावाचं नाव ग्रुजी आहे. स्पेलिंग जरा बदलून पाहिलं असतं तर मिळालं असतं.

आणि मग तुम्ही.

पहिल्या महायुद्धातल्या कॅनेडियन सैनिकांच्या सहा लाखांवर फायली लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाने स्कॅन करून फुकट खुल्या केल्यात. तुम्ही नुसती लिंक पाठवली असती तरी उपकारच होते. तुम्ही फाइलीची पानं छापलीत, प्रत्येक संक्षेपाशेजारी समासात निळ्या शाईने मराठीत अर्थ लिहिलात आणि फोटो काढून पाठवलेत. 'टी.ओ.एस.' शेजारी: "पटावर घेतला." 'एस.ओ.एस.' शेजारी: "पटावरून कमी केला. घाबरू नका, मेलेला नाही. अधिकारी होऊन ब्रिटिश सैन्यात गेला, पुढची फाइल लंडनला क्यूमध्ये शोधा."

क्यू म्हणजे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार. ताई, त्या तीन ओळींनी काम झालं. कॅनडाची फाइल 1917 ला संपते आणि शोधणारे तिथेच थांबतात, कारण त्याच सप्टेंबरमध्ये तो रॉयल आयरिश रायफल्समध्ये सेकंड लेफ्टनंट झाला होता. देश बदलला, फाइल बदलली, क्रमांक गेला. बदली झालेल्या माणसाचं सर्व्हिस बुक मागे राहिलं की काय होतं, हे बँकेत नोकरी केलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बटालियनची युद्ध-दैनंदिनी त्या दिवसाबद्दल का तोकडी पडते, हेही तुम्हीच समजावलंत. पहाटे 4:40 ला जर्मन तोफा सुरू झाल्या, त्यात दाट धुकं. रेसकोर्स रिडाउट हा पुढच्या पट्ट्यातला मोर्चा, आजूबाजूने शत्रू आत घुसलेला. आतले लोक मेले किंवा पकडले गेले. मागे लिहायला उरलं कोण? पकडलेले लोक सुटून परतल्यावरच अशा मोर्च्यांची हकीकत बाहेर आली, आणि त्याचा सन्मान जाहीर झाला तो थेट मे 1919 मध्ये. दोनदा जखमी होऊनही त्याने सात तास मोर्चा धरला. दोनदा केवळ दोन हवालदार-नाईक बरोबर घेऊन तो खंदकाबाहेर पडला आणि शत्रूला हुसकावून आला. त्याची कबर सापडलेली नाही. पोझियरच्या स्मारकावर, कबर नसलेल्या चौदा हजारांवर नावांमध्ये, त्याचं नाव आहे.

नाव तरी आहे, हेही तुमचंच वाक्य. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या मराठा पलटणींच्या शिपायांची नावं कोरलेली नाहीत, नुसती संख्या आहे. ते वाचून आमच्यातले दोघे आता तिकडच्या नोंदवह्यांच्या मागे लागलेत.

अनोळखी माणसाच्या प्रश्नासाठी कुणी आपली संध्याकाळ द्यावी, अक्षर वाचता यावं म्हणून फोटो पुन्हा उजेडात काढावा, आणि पैशांचा विषय काढला की रागवावं, अशी माणसं अजून आहेत. कागद ज्यांच्या ताब्यात होते त्यांनी हात झटकले आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनी ते वाचून दिले.

नाव छापू नका म्हणालात, छापलेलं नाही. मात्र समासातलं तुमचं अक्षर लेखासोबत जसंच्या तसं घेतलंय, त्याला नाही म्हणू नका. अंकाच्या दोन प्रती पाठवायच्या आहेत, तेवढा पत्ता कळवा.

आपले कृतज्ञ,
अंकाचे संपादक मंडळ