संचमान्यतेच्या निकषांविषयी शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

गिरणाकाठच्या आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेचा पट साठाच्या खाली आला आणि तिसऱ्या शिक्षकाचे पद गेले. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन आणि 61 ते 90 मुलांसाठी तीन शिक्षक सांगितले आहेत. कायद्याने हे किमान प्रमाण ठरवले होते. व्यवहारात मात्र तेच कमाल होऊन बसले आहे आणि 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, निकष आणखी आवळले आहेत.

दोन शिक्षकांनी पाच वर्ग कसे चालवायचे, हे आपण एकदा व्हरांड्यात उभे राहून पाहावे. एकाच फळ्याच्या मध्ये खडूची उभी रेघ मारलेली असते. डावीकडे चौथीचा भागाकार आणि उजवीकडे दुसरीची बाराखडी. दुसरे गुरुजी प्रभारी मुख्याध्यापक असल्याने पोषण आहाराची नोंद, यू-डायस या सरकारी नोंदप्रणालीत भरायची शाळेची माहिती आणि परिसरातील शाळांच्या केंद्रावरून आलेले तातडीचे निरोप यांतच त्यांची सकाळ जाते. मतदार याद्यांचे काम निघाले की तेही त्यांच्याच गळ्यात. अशा शाळेत अधिकारी येतात, पाचवीच्या मुलाला दुसरीचा उतारा वाचायला लावतात आणि गुणवत्ता घसरल्याचा शेरा मारून जातात.

हे पालकांना दिसत नाही असे नाही. कापसाचे पैसे हातात आले की आधी शाळेची फी भरून लोक मुलाला पिवळ्या व्हॅनमध्ये बसवतात, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. (पत्र्याच्या शेडवर ‘इंटरनॅशनल’ अशी पाटी लावलेल्या त्या शाळांमध्ये शिकवणाऱ्यांची पात्रता कोण तपासते, हा प्रश्न वेगळा.) तिथे निदान प्रत्येक वर्गाला एक बाई असते, एवढ्यावर पालकाचा निर्णय होतो. मग आमचा पट आणखी घटतो आणि पुढच्या संचमान्यतेत तोच घटलेला आकडा आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला जातो.

जी मुले उरली आहेत, तीही सगळी मोजली जात नाहीत. संचमान्यतेसाठीच्या 30 सप्टेंबरच्या पटात आधार पडताळणी झालेलेच मूल धरले जाते. ऊसतोडीच्या फडात जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला वेळेवर निघालेला नसतो, कुणाच्या आडनावात एक अक्षर चुकलेले असते. असे मूल रोज वर्गात बसते, खिचडी खाते, पाढे म्हणते. पण शिक्षक मंजूर करताना ते शाळेत नसतेच. दिवाळीनंतर काही कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि कापूस वेचणीत मोठ्या मुली घरी राहतात, त्यामुळे परतलेल्या मुलांना मागचे शिकवायला उलट जास्त हात लागतात.

म्हणून विनंती अशी की, तालुक्यापासून दूरच्या अशा गावांत पहिली ते पाचवीसाठी पट कितीही असला तरी किमान तीन शिक्षक असावेत, आणि एका वर्षाच्या आकड्यावर पद न काढता सलग तीन वर्षांचा पट पाहावा. आधार नसलेल्या मुलाची गणना परिसरातील शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी प्रत्यक्ष हजेरी पाहून करावी. नाही तरी ते शाळेला भेट देतातच. आमच्या शाळेचे गेलेले पद दुसऱ्या सत्रापूर्वी परत मिळाले, तर गावात घरोघरी फिरून मुले परत आणण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समिती घेईल.

आपला विश्वासू,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य,
जिल्हा जळगाव