केबल तोडण्याआधी बिल वाचा

महोदय,

केबलचे बिल वाढले की 'आता काढूनच टाकू या' असे घरोघरी म्हटले जाते, आणि चतुर्थी जवळ आली की तो विषय मागे पडतो. टीव्ही, डिश आणि इंटरनेटच्या जोडण्यांचे काम ज्यांच्या रोजच्या हातातले आहे, त्यांच्या बाजूने चार गोष्टी मांडतो. केबल ठेवावी की नाही, हे मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाला विचारून ठरवू नये. गोव्यात ते पाऊस, वीज आणि घराच्या भिंती ठरवतात.

आधी बिल हातात घ्या. त्यात तीन गोष्टी असतात : नेटवर्कचे भाडे म्हणजे एनसीएफ, पैसे मोजून घेतलेल्या वाहिन्या किंवा त्यांचे पॅक, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दररचना लागू झाली तेव्हा १०० वाहिन्यांसाठी एनसीएफची कमाल मर्यादा १३० रुपये होती, करासह १५३ रुपये ४० पैसे. पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या द्यायचे ठरले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून घेतली, त्यामुळे आपल्याकडे नेमके किती लावतात हे केबलवाल्यालाच विचारावे लागते. समजा भाडे १३० आणि पॅक १५० रुपयांचे आहे. एकूण २८०, त्यावर कर ५० रुपये ४० पैसे, म्हणजे हातातून ३३० रुपये ४० पैसे जातात. घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याचे भाडे वेगळे. वाहिन्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी धरतात, हेही बहुतेकांना माहीत नसते.

बिल फुगवतात ती पॅक. दोन मराठी मालिका आणि बातम्या पाहणाऱ्या घरात लहान मुलांच्या, इंग्रजी सिनेमांच्या आणि दोन-तीन परप्रांतीय भाषांच्या वाहिन्या पॅकबरोबर आलेल्या असतात. एक आठवडा टीव्हीशेजारी कागद ठेवा आणि जी वाहिनी खरोखर पाहिली तिचे नाव लिहा. यादी सहसा आठ-दहाच्या पुढे जात नाही. त्यांतल्या पैसेवाल्या वाहिन्या सुट्या मागा आणि पॅक काढायला सांगा. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची सुटी किंमत जास्तीत जास्त १९ रुपये ठेवता येते, त्यामुळे हिशेब मांडणे अवघड नाही. मात्र एकाच समूहाच्या चार-पाच वाहिन्या हव्या असतील तर पॅकच स्वस्त पडते. पुष्कळ घरांत केबल न तोडताही एवढ्यावरच भागते.

काही जण पैशांसाठी नव्हे, चित्र तुटते म्हणून केबल सोडायला निघतात. त्यांनी आधी बिघाड नीट पाहावा. सगळ्याच वाहिन्या गेल्या तर दोष बहुधा खांबावर किंवा त्याच्याही मागे. ठरावीक वाहिन्यांवरच चौकोन पडतात आणि बाकीच्या स्वच्छ दिसतात, तर बहुधा घराकडच्या जोडात पाणी शिरलेले असते किंवा बॉक्समागचा एफ कनेक्टर (वायरच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड) सैल असतो. किनाऱ्याजवळ, कळंगुट-कोलव्याच्या बाजूला, खाऱ्या हवेने या कनेक्टरवर हिरवट थर चढतो. तो घासत बसू नये. वायरचे टोक चार बोटे कापून नवा कनेक्टर दाबून बसवावा. आतली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे आणि तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीचा एकही केस तिला लागता कामा नये. दुसऱ्या खोलीसाठी मध्ये स्प्लिटर, म्हणजे एका वायरचे दोन फाटे करणारा जोड, असेल तर प्रत्येक फाट्यावर साधारण साडेतीन ते चार डेसिबल सिग्नल कमी होतो. स्प्लिटर काढून वायर थेट बॉक्सला लावली आणि चित्र सुधारले, तर दोष सापडला.

केबलला सर्वांत स्वस्त पर्याय दूरदर्शनच्या फ्री डिशचा. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे काही पडत नाही. डिश, एलएनबी (डिशच्या तोंडासमोरचा सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स आणि वायर मिळून दीड-दोन हजारांच्या आसपास एकदाच खर्च होतो. बॉक्स घेताना तो एमपेग-४ चा, म्हणजे चित्र पाठवण्याच्या नव्या पद्धतीचा, आहे ना हे विचारा. जुना एमपेग-२ चा स्वस्तात गळ्यात मारतात आणि मग बऱ्याच वाहिन्या उघडतच नाहीत. सह्याद्री आणि डीडी गोवा दोन्ही फ्री डिशवर आहेत. खासगी वाहिन्यांच्या जागा मात्र लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे आज दिसणारी मराठी वाहिनी पुढच्या वर्षी राहीलच असे नाही. लिलावानंतरची नवी यादी आपल्या दैनिकाने दरवर्षी छापली तर वाचकांची मोठी सोय होईल.

डिश लावताना सगळा प्रश्न दिशेचा. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. पणजीहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास साधारण १२७ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच आहे. इतक्या उंचीमुळे शेजारची दुमजली इमारत सहसा आड येत नाही, पण माड येतो. डिशच्या पातळीपासून ९ मीटर वर जाणारा माड त्या दिशेला ५ मीटरच्या आत असेल तर सिग्नल अडतो. आज चुडत (झावळी) आड नसली तरी वारा सुटला की येते, आणि मग 'बॉक्स बिघडला' म्हणून फोन येतात. अशा आवारात डिश, आग्नेयेला माड आड येणार नाही अशा बेताने, गच्चीवर किंवा उघड्या भिंतीवर घ्यावी. मंगळुरी कौलांवर किंवा पावसाळी पत्र्यावर ती कधीही बसवू नये. पत्रा थरथरतो, डिश एखाद्या अंशाने हलते आणि चित्र जाते.

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ पाहून फसू नका. एलएनबीला वीज पोचली की डिश भलतीकडे असली तरी ती भरते. ११०९० वारंवारता, उभे ध्रुवीकरण, सिम्बॉल रेट २९५०० आणि एलएनबीची खालची वारंवारता ९७५० भरून ठेवा. मग डिश आडवी अगदी सावकाश, केसाकेसाने फिरवा, क्वालिटी दिसू लागली की उंची जुळवा आणि शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत गोल फिरवा. गोव्यात उपग्रह बराच पूर्वेकडे पडत असल्याने एलएनबी सरळ उभा ठेवून चालत नाही, चांगलाच तिरका करावा लागतो. ही शेवटची पायरी घाईत राहते आणि त्याचा फटका जुलैत बसतो. या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात, त्यामुळे उन्हाळ्यात क्वालिटी जेमतेम असलेली डिश पहिल्या मोठ्या सरीला आंधळी होते. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची डिश घेतली तर ही तूट बरीच भरून निघते. घरात शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल आणि आत येणार नाही.

इंटरनेटवर सगळे पाहायचे असेल तर हिशेब वेगळा. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज चार तास म्हणजे महिन्याला ३६० जीबी. मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा हॉटस्पॉटवर तासभरही पुरत नाही, म्हणून घरात फायबर, म्हणजे काचेच्या तारेवरून येणारे इंटरनेट, हवेच. ३९९ चा प्लॅन कर धरून ४७० रुपये ८२ पैसे होतो. वर मालिकांच्या ॲपची वर्गणी वेगळी. ती घेताना प्लॅन टीव्हीवर चालतो की फक्त मोबाइलवर, हे आधी वाचा. रिचार्जबरोबर 'फुकट' मिळणारी बरीचशी सदस्यत्वे मोबाइलपुरतीच असतात. वर्गणी यूपीआय ऑटोपेने कापली जात असेल तर नुसते ॲप काढून ती थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे पैसे कापण्याची दिलेली परवानगी, रद्द करावे लागते. प्रसार भारतीचे वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याकडच्याच इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झाले. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट दिसतात.

इंटरनेट घेतल्यावर सर्वाधिक तक्रार येते ती जुन्या घरांतून. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय, त्यातही ५ गिगाहर्ट्झचे, फार दूर जात नाही. राउटर बाल्कावाजवळ (दारापुढच्या ओसरीजवळ) आणि टीव्ही मधल्या खोलीत असेल तर १०० एमबीपीएसचा प्लॅनही अडखळतो. महाग प्लॅन घेऊ नका. राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ वायर ओढा. ती १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. जुन्या टीव्हीला इंटरनेटवरचे दाखवणारी स्टिक लावली असेल तर तिला वीज तिच्याच ॲडॉप्टरने द्या. टीव्हीच्या यूएसबीतून पुरेशी मिळत नाही आणि स्टिक मधूनमधून आपोआप बंद-चालू होते.

विजेच्या बाबतीत मात्र फायबर पुढे आहे. तांब्याच्या केबलच्या वाटेवर खांबाखांबांवर ॲम्प्लिफायर असतात आणि त्यांना वीज लागते. वाड्यावरची वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही केबल मरते. फायबरच्या वाटेवरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे केबलवाल्याच्या कार्यालयात बॅटरी आणि घरी राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस असला की इंटरनेट चालू राहते. तारा दोन्हींच्या वीज खात्याच्या खांबांवरूनच जातात. खांब बदलला किंवा चुडत पडली की दोन्हींची गत सारखीच.

क्रिकेटवाल्यांसाठी एक मुद्दा. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावे लागते, पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील आणि डीटीएच (थेट घरच्या डिशवर येणाऱ्या) जाळ्यावरच दाखवता येते. म्हणून भारताचा असा सामना फ्री डिशवर फुकट दिसतो, केबलवरच्या दूरदर्शनवर दिसत नाही. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असते. विकेट पडल्याचे शेजाऱ्याच्या ओरडण्यावरून आधी कळते, त्याला इलाज नाही.

प्रुडंट, गोवा ३६५ यांसारख्या स्थानिक वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर मिळते. पण ज्या घरात सत्तरीच्या आजी रिमोटवर आकडा दाबून गोव्याच्या बातम्या लावतात, तिथे यूट्यूब हा पर्याय नव्हे. अशा घरात केबल ठेवावी, पॅक छाटावे आणि तरुणांनी इंटरनेट वापरावे. एकट्या-दुकट्याचे घर, हातात मोबाइल असलेले जोडपे किंवा फक्त बातम्या आणि सामने पाहणारे कुटुंब असेल, तर फ्री डिश आणि फायबर ही जोडी केबलपेक्षा बरी. बोटीवर किंवा आखातात काही महिने जाणाऱ्यांनी केबल तोडूच नये. सेवा तात्पुरती स्थगित ठेवण्याची सोय ट्रायच्या नियमांत आहे. ती लेखी मागावी.

केबलवाल्यांनाही एक विनंती. एनसीएफ, पॅक, सुट्या वाहिन्या आणि कर वेगळे दाखवणारे बिल दरमहा द्यावे. वहीत 'केबल ३५०' एवढे लिहून पैसे नेण्याची पद्धत अजून अनेक गावांत चालते.

तोडायचेच ठरले तर काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये करा, पावसाळ्यात डिश जुळवायला गच्चीवर चढू नये. नवी सोय महिनाभर चालवून पाहा, मगच अर्ज द्या. गावात बहुधा इंटरनेटही त्याच केबलवाल्याचे असते आणि कधी टीव्ही व नेट एकाच फायबरवरून येतात. म्हणून अर्जात 'फक्त टीव्ही बंद, इंटरनेट चालू' असे स्पष्ट लिहा. बॉक्स, रिमोट आणि ॲडॉप्टर परत देताना बॉक्सच्या क्रमांकासह सही-शिक्क्याची पोच घ्या आणि अनामत भरली असेल तर पावती दाखवून मागा. बाहेरची जुनी तांब्याची वायर मात्र केबलवाल्याकडूनच काढून घ्या. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात ती घरात वीज आणू शकते, मग तिला बॉक्स जोडलेला असो वा नसो.

आपला,
डिश व केबल जोडणीच्या कामातील एक वाचक,
फोंडा