वय शून्य धरलेला तक्ता

बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वखारीतल्या बायकांच्या प्राणायामाच्या अभ्यासाची तुझी फाईल आणि निकालाचे तक्ते मिळाले. वय घालायच्या आधी वेळेचा परिणाम, म्हणजे तीन मोजण्यांमधला फरक, चांगला दिसत होता, वय घातलं आणि तो नाहीसा झाला, आता गाईडना काय सांगू, असं तू विचारलंयस. परिणाम कुठं गेलेला नाही. तक्ता आता वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपीटेड मेझर्स, म्हणजे त्याच माणसांच्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या मोजण्या तपासायची पद्धत आहे. तिथं वय कोव्हेरिएट, म्हणजे सोबत हिशेबात घ्यायचा आकडा म्हणून दिलं, की ‘वेळ’ या ओळीतला एफ, म्हणजे फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारा आकडा, वय शून्य धरून काढला जातो. तुझ्या यादीतल्या बायका निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या, पंचविशीपासून साठीपर्यंतच्या. त्यांच्यावरून निघालेली रेषा सॉफ्टवेअर थेट शून्यापर्यंत मागे नेतं आणि तिथं विचारतं, तिन्ही मोजण्यांत पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर श्वास बाहेर पडायचा कमाल वेग) बदलला का? एवढ्या लांबचा अंदाज ढिला येणारच.

आता त्याच निकालात खाली ये. एस्टिमेटेड मार्जिनल मीन्सच्या, म्हणजे वय हिशेबात धरून काढलेल्या सरासऱ्यांच्या, तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप असते, ती वाच. तिथं वय सरासरीइतकं धरलेलं असतं. म्हणजे वरचा एफ शून्य वयाचा आणि खालच्या सरासऱ्या सरासरी वयाच्या. आलेख चढता आणि तक्ता म्हणतो फरक नाही, तो याचमुळं.

यावर उपाय सोपा आहे. कम्प्यूट व्हेरिएबल या नवा रकाना काढायच्या सोयीत प्रत्येकीच्या वयातून सरासरी वय वजा कर आणि तो नवा आकडा कोव्हेरिएट म्हणून दे. सरासरी मात्र विश्लेषणात राहिलेल्या बायकांचीच घे. जी तिसऱ्या मोजणीला आली नाही, तिच्या पहिल्या दोन नोंदी असल्या तरी ही पद्धत तिला पूर्ण वगळते. मला याचं फार वाईट वाटतं. कामाचा खाडा परवडत नाही म्हणून जी आली नाही, तिचा श्वास आपल्या हिशेबातूनच जातो.

सरासरी वजा केल्यावर ‘वेळ’ची ओळ बदलेल, पण ‘वेळ गुणिले वय’ ही ओळ जशीच्या तशी राहील. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा जीव त्याच ओळीत आहे. ती सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही अशी, असेल तर बदल सगळ्या वयांत सारखा नाही, आणि मग ‘प्राणायामानं पीक फ्लो सुधारला’ असं एकच वाक्य लिहून चालणार नाही. सिंटॅक्समध्ये (लिहून द्यायच्या आज्ञांत) वय ३० आणि वय ५५ धरून सरासऱ्या वेगवेगळ्या मागव आणि दोन्ही शेजारी मांड. नुसती ‘वय’ ही ओळ मात्र एवढंच सांगते, की तिन्ही मोजण्या मिळून वयस्क बाईचा पीक फ्लो कमी असतो. ते आधीच माहीत आहे, त्यावर पान घालवू नकोस.

स्फेरिसिटीचं थोडक्यात सांगतो. मोजण्यांच्या प्रत्येक जोडीतल्या फरकांचा विखुरलेपणा सारखा असावा, ही ती अट. मोजण्या तीन, म्हणून ती तपासणारी मॉक्लीची चाचणी बघायला लागते, पण नमुना लहान असला की तिच्या हातून दोष सुटतो. मी सरळ ग्रीनहाऊस-गायसरची, म्हणजे ती अट मोडली तरी चालेल अशी दुरुस्त केलेली, ओळ घेतो. त्यांची दुरुस्ती १९५९ सालची आहे आणि तीन मोजण्यांत तिचा दुरुस्तीचा गुणक, एप्सिलॉन, ०.५ च्या खाली जात नाही.

धुळीत काढलेले तास प्रत्येक भेटीला वेगळे आहेत, ते या पद्धतीत बसत नाहीत. इथं कोव्हेरिएटला माणसामागं एकच आकडा देता येतो. त्यासाठी डेटा रिस्ट्रक्चर करून एकेका भेटीची एकेक ओळ कर आणि मिक्स्ड मॉडेल ही दुसरी पद्धत चालव. त्यात एखादी भेट चुकलेल्या बायकाही राहतात. माझं मत विचारशील तर शेवटी तेच कर, गाईडना नवीन वाटलं तरी.

आणि एक, हे मनापासून सांगतो. तुझ्याकडं तुलनेचा गट नाही. मीटरमध्ये फुंकायची सवय झाली तरी आकडा वाढतो, वखारीतलं काम कमी झालं तरी वाढतो. वय घालून यातलं काहीच दूर होत नाही. ‘वेळेनुसार बदल’ एवढंच लिही, ‘प्राणायामामुळं’ लिहू नकोस. त्या बायकांनी तुझ्यावर विश्वास ठेवून फुंकलंय, त्यांच्या नावावर जास्तीचा दावा नको.

रविवारी निपाणीला येतो. मराठी आणि कन्नड दोन्ही फॉर्म काढून ठेव, वयाचा रकाना दोघं मिळून पुन्हा ताडून बघू. आईंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र