करारावर सह्या झाल्या, पण खोलीचे काय?

संपादक महोदय,

परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. छायाचित्रात दोन्हीकडचे पदाधिकारी, मध्ये पुष्पगुच्छ आणि मजकुरात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचे आश्वासन, असा या बातम्यांचा ठरलेला साचा असतो. ज्या मुलाने किंवा मुलीने प्रत्यक्ष जायचे तिने राहायचे कुठे, याचा उल्लेख बातमीत नसतो आणि माझ्या माहितीप्रमाणे बहुतेक करारांतही तो एखाद्या मोघम ओळीपलीकडे जात नाही. मी बडोद्यातून एका सत्रासाठी जर्मनीतील ग्योटिंगेन या विद्यापीठनगरीत राहून आले आहे, म्हणून या एकाच मुद्द्यावर सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

ग्योटिंगेनचे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नसावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुढे तेथेच प्राध्यापक झाले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना त्याच विद्यापीठाने १८८५ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली. १७३७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ म्हणजेच ते गाव, असे म्हटले तरी चालेल, कारण तेथे दर पाच-सहा माणसांमागे एक विद्यार्थी भेटतो. हिवाळी सत्राच्या तासिका ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि त्या सुमारास सगळेच एकदम खोल्या शोधू लागतात. वसतिगृहे विद्यापीठाची नसून वेगळी विद्यार्थी-सेवा संस्था ती चालवते, तिची प्रतीक्षायादी असते, आणि प्रवेशपत्र हाती आले म्हणजे खोलीही मिळाली, हा आपल्याकडील पालकांचा समज तेथे टिकत नाही.

खोली नसेल तर नुसती गैरसोय होते असे नाही, पुढची सगळी कामेच अडतात. जर्मनीत राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, ज्याला तेथील आपली मुले सर्रास ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. ही नोंद नसेल तर बँकेत खाते उघडणे बहुतेक ठिकाणी जड जाते. खाते नाही तर व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या ‘ब्लॉक्ड अकाउंट’मधून दरमहा मिळणारी रक्कम, जी सप्टेंबर २०२४ पासून ९९२ युरो धरली जाते, हाती येत नाही. निवास परवान्याचे कामही त्याच नोंदीवर अवलंबून असते. ओळखीच्या कोणाच्या सोफ्यावर महिनाभर काढू, नंतर पाहू, हा आपल्याकडचा सोयीचा मार्ग म्हणूनच तेथे बंद होतो. स्वस्तात खोली देतो पण पत्ता नोंदवू देणार नाही, असे म्हणणारे मालक भेटतात. खोली न दाखवताच डिपॉझिट मागणारे भामटेही त्याच हंगामात इंटरनेटवर जाळे टाकून बसलेले असतात. बडोद्यात बसून पैसे पाठवणाऱ्या वडिलांना दोहोंतला फरक कळावा तरी कसा?

खोली मिळाल्यानंतरच्या शिस्तीविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण निघण्यापूर्वी आम्हाला यातले काहीच कोणी सांगितले नव्हते. वसतिगृहाची किल्ली देण्याआधी तेथील व्यवस्थापकाने माझ्यासह खोलीभर फिरून एक तक्ता भरला. गादीवरचा डाग, कपाटाच्या दारावरचा ओरखडा, भिंतीत आधीच्या कोणीतरी ठोकलेल्या खिळ्याचे भोक, हीटरच्या नळावर उडालेला रंग, असे सारे त्याने बारीक अक्षरात नोंदवले, खाली दोघांच्या सह्या झाल्या आणि एक प्रत माझ्या हाती आली. त्या वेळी मला तो माणूस विलक्षण संशयी वाटला. खोली सोडताना तोच तक्ता पुन्हा उघडला गेला, त्यात जे नोंदलेले होते त्याचे पैसे कोणी मागितले नाहीत आणि डिपॉझिट परत मिळाले, तेव्हा आपल्या इकडच्या पेइंग गेस्टच्या खोल्यांतून सोडतेवेळी होणारी घासाघीस आठवली.

तेथे रात्री दहानंतर शांतता म्हणजे खरोखरच शांतता. रविवारी दुकाने बंद, त्यामुळे दूध-पाव शनिवारीच आणून ठेवायचे. थंडी कितीही असो, दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून हवा बदलायची, नाही तर भिंतींना बुरशी येते आणि तिचा खर्च भाडेकरूच्या माथी बसतो. पत्ता नोंदवल्यावर थोड्याच दिवसांत रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचे पत्र येते. टीव्ही असो वा नसो, दर घरटी महिना १८.३६ युरो भरावेच लागतात, आणि ज्यांना हे ठाऊक नसते ते ते पत्र जाहिरात समजून फेकून देतात. सामायिक स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी पडली की इतर मुले कौतुकाने की धास्तीने डोकावतात, हे मला शेवटपर्यंत नीट उलगडले नाही, पण कुकरच्या शिट्टीने मात्र एकदा शेजारच्या खोलीतली मुलगी धावत आली होती.

या गोष्टी समजुतीने पार पडतात. वेळापत्रकाचा घोळ मात्र विद्यार्थ्याच्या हातात नसतो. तेथील तासिका फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्या सुमारास होतात, तर आपले दुसरे सत्र तोवर बरेच पुढे गेलेले असते. परत येणारी मुलगी त्यामुळे तिकडची परीक्षा देऊन इकडची हजेरी गमावते. करार करणाऱ्यांनी दोन्ही दिनदर्शिका एकदा शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर हे सही करतानाच लक्षात आले असते.

परंतु माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. देवाणघेवाणीत शुल्कमाफी मिळते ती साधारणपणे समसमान संख्येच्या हिशेबावर, म्हणजे जितके विद्यार्थी जातात तितके काही वर्षांच्या अवधीत यावेत, या अपेक्षेवर. बडोद्यात परदेशी विद्यार्थी एक सत्र काढायला आलेच नाहीत, किंवा येऊन राहण्याच्या त्रासाने कंटाळून गेले आणि मागच्यांना तसे सांगितले, तर तिकडच्या जागा आपोआप कमी होणार. फतेगंज आणि सयाजीगंज भागात खोली शोधणाऱ्या आफ्रिकी किंवा अफगाण विद्यार्थ्याला काय काय ऐकावे लागते, ते तेथील कोणत्याही दलालाला विचारावे. मांसाहार चालणार नाही, रात्री उशीर चालणार नाही, पाहुणे चालणार नाहीत, इथपर्यंत अटी असतात तोवर बोलणे तरी होते. पुष्कळदा चेहरा पाहताच खोली ‘आत्ताच गेली’ असे सांगण्यात येते.

या शहराला हा विषय नवा नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले आणि तेथे बाबासाहेबांना विद्यापीठाच्याच वसतिगृहात जागा मिळाली. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास आले, तेव्हा मात्र या गावात त्यांना राहायला घर मिळेना. नाव बदलून ज्या पारशी विश्रांतिगृहात ते उतरले होते तेथून अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, दोन परिचितांनीही आसरा देण्यास सबबी सांगितल्या, आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कामाठीबागेत बसून काढले. आज तेथे संकल्पभूमीचे स्मारक आहे आणि आपण सगळे तेथे आदराने जातो. जातीच्या अन्यायाची आणि परदेशी पाहुण्याच्या अडचणीची मी बरोबरी करत नाही, तशी ती होऊच शकत नाही. परंतु शिक्षणासाठी राजवाड्यातून सढळ हाताने पैसा देणाऱ्या शहरातल्या घरांची दारे मात्र बंदच राहतात, ही बडोद्याची जुनी खोड आहे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

घरमालकांची एक भीती खरीही आहे. परदेशी नागरिक आपल्या घरात राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवण्याचे बंधन यजमानावर असते, आणि १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्यांना १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागते. पोलिसांचे लचांड नको म्हणून सुशिक्षित कुटुंबेही मागे सरतात. वास्तविक हा अर्ज जर्मन घरमालकाच्या त्या दाखल्याहून फार अवघड नाही. तिकडे तो भरण्याची सवय आहे, इकडे तो कोणी समजावून सांगत नाही, इतकाच फरक. शिक्षणसंस्थेने प्रत्येक सत्राच्या आरंभी एक माणूस या कामासाठी नेमला, खोल्यांची तपासलेली यादी ठेवली आणि भाडेकराराबरोबर त्या ग्योटिंगेनच्या व्यवस्थापकासारखा एक तक्ता भरून घेतला, तर मालक आणि विद्यार्थी दोघेही निर्धास्त होतील. परत आलेल्या आमच्यासारख्यांकडून पुढच्या तुकडीला घरांची माहिती देण्याची रीतही अद्याप कोठे दिसत नाही, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील मराठी घरांबद्दल बोलायचे तर मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेल्यामुळे कित्येक वाड्यांचे वरचे मजले कुलूपबंद आहेत आणि खाली दोनच वृद्ध माणसे राहतात. येथील महाराष्ट्रीय मंडळांनी सभासदांना विचारून अशा खोल्यांची यादी केली आणि २४ तासांचा तो अर्ज भरण्यास मदत करणारे दोन कार्यकर्ते नेमले, तर येत्या जूनपासूनच काही विद्यार्थ्यांची सोय होईल. आमच्या घराचा माडीवरचा भाग द्यायला आजोबा तयार झाले आहेत. स्वयंपाकघर वेगळे असल्याने माशाच्या वासाबद्दल त्यांनी फक्त एकदा विचारले.

आपली विश्वासू,
एक विद्यार्थिनी
बाबाजीपुरा, वडोदरा