मागच्या बाकावर बसणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

नाव छापू देणार नाही असं तुम्ही बजावलंच आहे, त्यामुळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता एवढीच ओळख देते. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम गावोगावच्या महाविद्यालयांत आखले जात आहेत, आणि तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

आमच्या अभ्यासक्रमाचा विषय पक्का होता: १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर, धरण फुटून पुण्यात शिरलेला. दोन क्रेडिट, म्हणजे ३० तास. इतिहासाची मी, भूगोल आणि संख्याशास्त्राचे दोन सहकारी, आणि सगळ्या शाखांची मुलं. अशा अभ्यासक्रमांचा साचा सगळ्यांना ठाऊक आहे. दर आठवड्याला एक पाहुणा, त्याचा त्याचा विषय, शाल-श्रीफळ. आणि मुलांची सादरीकरणं सेमिस्टरच्या शेवटी एका दिवसात उरकायची. वेळापत्रक पाहून तुम्ही एवढंच विचारलंत, "दुसऱ्या आठवड्याचा पाहुणा सातव्यात नेला तर काही बिघडेल?" काहीच बिघडत नव्हतं. "मग ही व्याख्यानमाला झाली. पुण्यात वसंत व्याख्यानमाला आहे की!"

मग तुम्ही पाहुण्यांच्या नावापुढचे विषय खोडलेत आणि तिथे प्रश्न लिहायला लावलेत. 'धरणाचं स्थापत्य' ऐवजी 'पानशेत सकाळी फुटलं, मग १८७९ पासून उभं असलेलं खडकवासल्याचं दगडी धरणही का टिकलं नाही?' 'आपत्ती आणि कायदा' ऐवजी 'चौकशी आयोगापुढची साक्ष इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत धरायची?' नगररचनेच्या बाईंना 'नदीकाठची निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ती नकाशावरची हद्द, कोण आखतं, आणि ती सरकते कशी?' प्रश्न हातात पडल्यावर दोन पाहुण्यांनी नेहमीच्या स्लाइड आणल्याच नाहीत. एकांनी तर फोन करून सांगितलं, याची तयारी करायला मला महिना लागेल. असा फोन आम्हाला पहिल्यांदाच आला.

सगळ्यात मोठं आश्चर्य म्हणजे, स्वतः अभियंते असून स्थापत्याचं सत्र तुम्ही पहिलं ठेवू दिलं नाहीत. मातीचं धरण, काम पुरं व्हायच्या आत पावसाळ्यात साठलेलं पाणी, विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या वाटेच्या, मोरीला सळयांचं काँक्रीट नाही, वरचा भराव खचला, ही साखळी मुलांना एकदा कळली की त्यांना वाटेल उत्तर मिळालं, आणि ती पुढचं विचारायचीच थांबतील, असं तुमचं म्हणणं. म्हणून आधी घरोघर जाऊन ऐकायचं, मग कागदपत्रं, आणि त्यानंतर धरण. मला हे तेव्हा फारसं पटलं नव्हतं; आमच्या भूगोलाच्या सरांना अजूनही पटलेलं नाही. पण धरणाच्या सत्रात जे प्रश्न आले ते पाहता मी तुमच्या बाजूची.

सादरीकरणं तुम्ही शेवटून उचलून मध्ये आणलीत. एका आठवड्यात पाहुणा, पुढच्या आठवड्यात त्याच प्रश्नावर मुलांचा एक गट, आणि शक्य असेल तर पाहुण्याने त्या दिवशी श्रोता म्हणून यायचं. गटाची अटही तुमचीच: ज्याची जी शाखा, तो भाग त्याने मांडायचा नाही. त्यामुळे मराठी साहित्याच्या मुलीला सांडवा (जादा पाणी वाहून जायची वाट) आणि विमोचक यांतला फरक फळ्यावर काढून दाखवावा लागला, आणि कॉम्प्युटरचा मुलगा नारायण पेठेतल्या आजींच्या मुलाखतीवर बोलला. तो बोलताना अडखळला, कारण आजी रडल्या तेव्हा रेकॉर्डिंग चालू ठेवायचं की बंद करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या दिवशी पुढचा सगळा तास त्यावरच गेला. वेळापत्रकात तो नव्हता आणि तुम्ही तो वाचवायलाही सांगितलं नाहीत.

संख्याशास्त्राच्या गटाचं काम तुम्हाला आवडलं होतं ना? मुलाखतींमध्ये पाणी घरात शिरल्याच्या वेळा एकमेकींशी जुळेनात. शेजारी राहणाऱ्या दोघांच्या सांगण्यातही तासाचा फरक. गटाने त्या वेळा पेठवार नकाशावर मांडल्या आणि आठवणीतली चूक बाजूला न सारता ती किती आणि कुठे आहे तेच दाखवलं. तुम्ही मागच्या बाकावरून विचारलंत, "ज्यांनी पाणी येताना पाहिलं आणि ज्यांनी ते फक्त ऐकलं, त्यांच्या वेळा वेगळ्या काढल्यात का?" काढल्या नव्हत्या. पुढच्या वेळी येताना काढून आणल्या. गुण आधीच दिले गेले होते, तरी आणल्या.

आणि गोखलेनगरची ती मुलगी. आपली वसाहत पूरग्रस्तांसाठी वसवली गेली हे तिला वर्गात कळलं. तिच्या घरी कुणी कधी बोललंच नव्हतं. बीडच्या मुलाचं म्हणणं वेगळंच होतं. आमच्याकडे पूर नाही, टँकर आहे, मग पुण्याच्या पुराला तीस तास कशाला? तुम्ही त्याला उलटं काम लावलंत: धरण फुटल्यावर या शहराला पिण्याचं पाणी कुठून मिळालं, ते शोधून काढ. जुन्या वाड्यांतल्या विहिरींची यादी करत तो फिरला, आणि अभ्यासक्रमाचं सगळ्यात चांगलं सादरीकरण त्याचं झालं, असं माझं मत आहे. तुमचं मत तुम्ही सांगितलंच नाहीत. गुण देणं तुमचं काम, एवढंच म्हणालात.

हे सगळं तुम्ही आमच्यासाठी का केलंत ते मी विचारलं नाही. १९६१ला तुम्ही शाळेत होतात आणि पुढे नोकरीभर धरणांवरच काम केलंत, हे मुलांनी तुमच्याकडून काढून घेतलं. मुलाखतीला मात्र तुम्ही बसला नाहीत.

पुढच्या वर्षासाठी अभ्यासक्रम मंजूर झाला आहे. विद्यार्थी दुप्पट घ्या असा वरून आग्रह आहे आणि आम्ही तो मानणार नाही, कारण गट वाढले की सादरीकरणं पुन्हा शेवटच्या दिवसावर जातील. पाहुण्यांसाठीचे नवे प्रश्न सोबत पाठवत आहे, नेहमीसारखे खोडून द्या. आणि तुमच्या मानधनाचं व्हाउचर सहीविना लेखा विभागात पडून आहे. मार्चअखेरीच्या आत एकदा येऊन तेवढी सही करून जा, नाहीतर त्यांचे फोन मला येतात.

आपली कृतज्ञ,
इतिहास विभागातली एक शिक्षिका