आबा, कप आला

आबा, आई, दोघांना नमस्कार.

फोनवर रोज बोलतोच की आपण, पण आई जेवलास का विचारती, दादा पगाराचं विचारतो आणि तुमच्या हातात फोन येईपर्यंत माझी शिफ्टला निघायची वेळ होती. फुटबॉलचं राहूनच जातंय. १६ मार्चला न्यूकॅसलनं लीग कप जिंकला तेव्हा, तुमच्याकडच्या रात्री बाराला, फोन करून मी नुसता ओरडत होतो, आई घाबरली, पोराला काय झालं म्हणून, आणि तेव्हा मला धड सांगताच आलं नाही. म्हणून आता लिहून काढतोय, दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

आधी हे गाव कसलं आहे ते सांगतो. आपल्याकडं एका कोल्हापुरात किती टीम, शिवाजी पेठेत वेगळी, मंगळवार पेठेत वेगळी, आपली पाटाकडील तालीम, पीटीएम, हरली की तुम्ही दोन दिवस गल्लीतनं मान खाली घालून जायचा. इथं इंग्लंडात, न्यूकॅसलात, अख्खं गाव एकाच तालमीचं आहे आबा. सेंट जेम्स पार्क पण आपल्या शाहू स्टेडियमसारखं गावाच्या मधोमध, बाजार करून चालत चालत मॅचला जायचं. ५२ हजार माणूस बसतं आणि तरी तिकीट मिळत नाही, मेंबर होऊन चिठ्ठीत नाव निघायची वाट बघायची. माझं नाव वर्षात दोनदा निघालं.

पहिल्यांदा निघालं ते ५ फेब्रुवारीला, लीग कपची सेमीफायनल, समोर आर्सेनल. जानेवारीत पहिली मॅच त्यांच्या घरात जाऊन आपण २-० मारून आलेलो (आता मी आपणच म्हणतो, चालतंय नव्हं), पण माझ्या शेजारी बसलेली बाई सारखी म्हणायली की आपलं नशीब मला माहीतंय, अजून काय पण होईल. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. आपल्या मर्फीनं पहिला गोल घातला, इसाकचा शॉट पोलला लागून परत आला आणि यानं तसाच आत हाणला, आणि हाफटाईमनंतर आर्सेनलनं स्वतःच्याच दारात बॉल घालवला आणि गॉर्डननं दुसरा मारला. दोन्ही मॅच मिळून ४-०. ती बाई माझ्या गळ्यात पडली. ओळख ना पाळख, मला तर एकदम शाहू स्टेडियमची मातीच आठवली, तुम्ही मला खांद्यावर घ्यायचा आणि गोल झाला की मागचा कोणतरी माझ्या डोक्यावरनं हात फिरवायचा.

फायनल वेम्बलीला, लंडनला. त्याचं तिकीट मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून शेजारच्या आजोबांच्या घरी बघितली. आजोबा ७६ वर्षांचे, एकटेच असतात. १९५५ ला न्यूकॅसलनं एफए कप जिंकला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. त्यानंतर १९६९ ला युरोपातला फेअर्स कप आला, आणि मग काही नाही. नुसत्या हरलेल्या फायनल, १९७४, १९७६, १९९८, १९९९, २०२३. हे आकडे ते न अडखळता म्हणतात, आपली आज्जी घरातली कोण कधी गेलं त्या साली सांगायची तसं.

टीव्हीशेजारच्या कपाटावर त्यांनी एक लाकडाची वस्तू काढून ठेवलेली. मूठ, तिला दाते असलेलं चाक, आणि एक लाकडी पट्टी, मूठ धरून गरगर फिरवलं की पट्टी दात्यांवर आपटून कटकटकट असा मोठा आवाज येतो. पूर्वी इथं लोक मॅचला हेच न्यायचे. त्यांच्या वडिलांनी १९५५ ला आणलेलं, काळा-पांढरा रंग मुठीपाशी पूर्ण उडालाय, हाताच्या घामानं लाकूड गुळगुळीत झालंय. शेवटचं वाजवलं ते १९६९ ला. मी हातात घेऊ का विचारलं तर म्हणाले घे, पण फिरवू नको.

समोर लिव्हरपूल, लीगमध्ये पहिल्या नंबरवर. गॉर्डन रेड कार्डामुळं बाहेर. आणि हाफटाईमच्या तोंडावर ट्रिपियरनं कॉर्नर घेतला, डॅन बर्न मागं एकटाच उभा, सहा फूट सात इंचाचा गडी, एवढ्या लांबनं त्यानं हेडर असा मारला की मला वाटलं पायानंच मारलाय. आबा हा बर्न इथल्याच ब्लाईथचा, अर्ध्या तासावरचं गाव. अकरा वर्षांचा असताना याच क्लबनं त्याला तू नको म्हणून सोडलं, पुढं सुपरमार्केटात ट्रॉल्या गोळा करायचं काम केलं, खालच्या लीगपासनं खेळत खेळत परत घरी आला, आणि फायनलच्या दोनच दिवस आधी ३२ व्या वर्षी त्याला पहिल्यांदा इंग्लंडच्या टीममध्ये घेतलेलं. वर्षातला माझा सगळ्यात आवडता गोल हाच. नंतर ५२ व्या मिनिटाला इसाकनं दुसरा घातला तो पण भारीच, पण बर्नचा तो बर्नचा.

शेवटी इंज्युरी टाईममध्ये किएझानं लिव्हरपूलचा एक गोल केला आणि आजोबा खुर्चीतनं उठून स्वयंपाकघरात गेले, बघवेना म्हणाले. मी एकटाच टीव्हीसमोर. शिट्टी वाजली तसा मी ओरडलो, ते दारात आले, स्क्रीनकडं बघितलं, २-१. काही बोलले नाहीत. कपाटावरनं ते लाकडी यंत्र उचललं, दार उघडून रस्त्यावर गेले आणि फिरवायला लागले. हात थरथरत होता त्यामुळं आवाज थांबून थांबून यायला लागला, कट, कटकट, कट. मग एकेक दार उघडलं, पोरं पळत बाहेर आली. ते रडत होते आणि मी पण. त्याच वेळी तुम्हाला फोन लावला, तुम्ही जो आवाज ऐकला आणि कसला म्हणून विचारला तो हा.

२९ मार्चला मिरवणूक निघाली. स्टेडियमपासनं उघड्या बसमधनं टाऊन मूर म्हणून मोठं माळरान आहे तिथपर्यंत, एरवी उन्हाळ्यात तिथं गाई चरतात. ३ लाखांच्या वर माणूस आलेलं. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते ना, तसंच, फक्त ढोल-ताशा नाही. या कपाला तीन कान असतात. लहान लहान पोरांना बापांनी खांद्यावर घेतलेलं आणि त्यांना कप दिसावा म्हणून पुढची माणसं आपणहून डोकी वाकवत होती.

एप्रिलमध्ये मॅनेजर एडी हाऊला न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात होता, आणि तो नसताना टीमनं मँचेस्टर युनायटेडला ४-१ आणि क्रिस्टल पॅलेसला ५-० हाणलं. तेव्हा दुकानात, बसमध्ये लोक आधी एडी कसा आहे विचारायचे आणि मग स्कोअरचं बोलायचे, हे मला लई आवडलं.

दुसऱ्यांदा माझं नाव निघालं ते लीगच्या शेवटच्या मॅचला, २५ मे, एव्हर्टन. आणि हरलो की आबा, ०-१! पण तिकडं ॲस्टन व्हिला मँचेस्टरमध्ये हरायला लागलेली, दोघांचे पॉइंट सारखे ६६, गोलच्या फरकावर आपण पाचवे आणि युरोपातली चॅम्पियन्स लीग खेळायला मिळाली. शेवटची वीस मिनिटं आमच्या स्टँडमध्ये कुणाचंच मैदानाकडं लक्ष नव्हतं, सगळे फोनमध्ये, आणि खेळात काही नसताना मधेच एकदम जल्लोष झाला, एव्हर्टनची पोरं इकडंतिकडं बघायला लागली.

तिकडं यंदा मे मध्येच पाऊस लागला म्हणे, शाहू स्टेडियमवरच्या मॅचचं काय झालं ते कळवा. आजोबांना मी तुमचं सांगितलंय, भर दुपारच्या उन्हात टोपी घालून पीटीएमची मॅच बघणारा बाप म्हणून, त्यांना तुमचा स्टेडियमवरचा फोटो पाहिजे, दादाला पाठवायला सांगा. आणि तुमच्यासाठी काळा-पांढरा टीशर्ट घेतोय. लार्ज बसतो का एक्सएल, आईला विचारून सांगा, तुम्ही नेहमी लहानच सांगता.

तुमचा,
बारका